‘एकच प्याला’ : तीन मृत्यू आणि एक शपथ

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे झरी गाव आहे. उन्हाळ्यात येथे दिवसा ऊन माणसाला घरात कोंडते आणि रात्री उकाडा त्याला अंगणात आणतो. गेल्या वैशाखात अशाच रात्री, सुट्टीसाठी घरी आलेल्या आमच्या कुटुंबांतील मुलामुलींनी राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ मोठ्याने वाचावयास घेतले. नाटक पाच अंकांचे. ते पाच रात्री पुरले. सहाव्या रात्री वाचावयाचे काही उरले नव्हते, तरी मंडळी जमलीच. प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न घोळत होता : शेवटच्या अंकात जे मृत्यू होतात त्यांचा दोष कोणाच्या माथी?

एका शेतकरी गृहस्थांनी तत्काळ निकाल दिला, ‘‘प्याल्याच्या! नाटकाचं नावच सांगतंय की.’’ महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने तळीरामाचे नाव घेतले. त्याच्या बहिणीने त्याला अडवले. तळीरामाने ओतली असेल, पण गिळली कोणी, असा तिचा सवाल होता. वाद रंगला. सर्वांच्या मागे भिंतीला टेकून एक बाई बसल्या होत्या. पाचही रात्री त्या आल्या होत्या आणि एक शब्दही बोलल्या नव्हत्या. त्या हळूच म्हणाल्या, ‘‘फादर, मरताना ती म्हणती मी पडले, अन् समदे ऐकून घेतात. कुणालाच ठाव नव्हतं का?’’

त्या रात्री मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. धर्मगुरूला अशी सवय असते. पण तो प्रश्न माझ्यामागे घरापर्यंत आला व पुढे कित्येक दिवस गेला नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिराने दिलेले उत्तर आहे.

प्रथम नाटकाविषयी थोडे. गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी नवसारी येथे झाला आणि २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते नागपूरजवळील सावनेर येथे निवर्तले. गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास केला, म्हणजे नाटककाराच्या मृत्यूस तेव्हा महिनाही लोटला नव्हता. बालगंधर्वांनी सिंधूची आणि गणपतराव बोडसांनी सुधाकराची भूमिका केली. नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. त्यानंतर शतकाहून अधिक काळ उलटला, तरी महाराष्ट्रात दारूची गोष्ट निघाली की सुधाकर, सिंधू आणि तळीराम ही नावे आपोआप ओठांवर येतात. पुस्तक न उघडलेल्या माणसालाही तळीराम ठाऊक असतो. साहित्यकृतीच्या वाट्याला येणारा याहून मोठा मान कोणता?

कथा सर्वांना परिचित आहे. सुधाकर हा बुद्धिमान, सरळ, पण अतिशय मानी वकील. न्यायालयात त्याचा अपमान होतो, खटका उडतो आणि त्याची सनद काही काळापुरती जाते. अपमानाची आग विझवण्यासाठी त्याचा कारकून तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. एकाचे अनेक होतात. वकिली जाते, पैसा जातो, अब्रू जाते. सिंधूचे माहेर संपन्न आहे. भाऊ पद्माकर तिला न्यावयास येतो, पण ती पतीचे घर सोडीत नाही. मित्र रामलाल परोपरीने समजावतो. मध्यंतरी सुधाकर दारू सोडतोही; पण काम मागावयास गेल्यावर जगाकडून जो अवमान वाट्याला येतो तो त्याला सोसत नाही आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. अखेर नशेच्या भरात त्याच्या हातून तान्हे मूल मरते आणि सिंधू जबर जखमी होते. पोलिसांपुढे ती नवऱ्याचे नाव घेत नाही, आपणच पडलो असे सांगते. ती जाते, आणि सुधाकर दारूत विष मिसळून ते पितो. एका घरातील तीन माणसे संपतात.

आता आरोपींकडे वळू.

पहिला आरोपी प्याला. आमच्या शेतकरी गृहस्थांचे मत हे बहुतेक प्रेक्षकांचे मत आहे, आणि गडकऱ्यांनीही त्याला पुष्कळ आधार दिला आहे. दारूच्या वेगवेगळ्या अवस्थांचे जे विवेचन सुधाकराच्याच तोंडून येते, ते इतके भेदक आहे की आजच्या डॉक्टरांनीही त्याची दखल घ्यावी. सोडणे शक्य असते तेव्हा सोडावीशी वाटत नाही. सोडावीशी वाटते तेव्हा ते शक्य राहत नाही. असा त्या विवेचनाचा मथितार्थ आहे. तरीही प्याल्याला मुख्य आरोपी ठरवता येत नाही, कारण नाटकातच त्याच्या विरुद्ध एक साक्षीदार उभा आहे. तो म्हणजे भगीरथ. प्रेमभंगाच्या दुःखाने तोही दारूला लागलेला असतो. परंतु रामलाल त्याच्यापुढे सेवेचा मार्ग ठेवतो, भगीरथ पुढे केलेला हात धरतो आणि बाहेर येतो. दारू तीच, नाटककारही तोच, मग एक बुडाला आणि दुसरा तरला, हे कसे? भगीरथाला केवळ उपकथानकाचा नायक समजून आपण त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. माझ्या मते, सुधाकराचे पतन अटळ नव्हते हे सांगण्यासाठीच तो नाटकात आहे.

दुसरा आरोपी तळीराम. त्याची तुलना शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मधील इयागोशी करण्याचा मोह होतो. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली ‘झुंझारराव’ या नावाने ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले. त्यामुळे भल्या माणसाच्या कानाशी लागून त्याचा संसार उद्ध्वस्त करणारा खलपुरुष मराठी प्रेक्षकाला अनोळखी नव्हता. परंतु येथे एक भेद आहे. इयागो ऑथेल्लोचा द्वेष करतो आणि त्याचा नाश व्हावा म्हणून योजना आखतो. तळीरामाला सुधाकराचा नाश करावयाचा नाही. त्याला फक्त सोबत हवी आहे. त्याचे ‘आर्य मदिरा मंडळ’ आपल्याला हसवते ते याचमुळे. तेथे कोणी कोणाचा वैरी नाही, सगळे एकमेकांचे सोबती आहेत. तळीराम स्वतःही त्याच दारूने झिजून अंथरुणाला खिळतो. दुसऱ्याला विहिरीत ढकलणारा वेगळा आणि स्वतः विहिरीत पडलेला असताना ‘या, पाणी गार आहे’ असे म्हणणारा वेगळा. दुसऱ्याचा दोष कमी आहे असे मी म्हणत नाही. पण त्याच्या हाकेला ओ देणे न देणे हे ऐकणाऱ्याच्या हाती उरते, आणि म्हणूनच तो साथीदार ठरतो, कर्ता ठरत नाही.

तिसरा आरोपी समाज. ज्याच्यासमोर अपमान झाला तो समाज, आणि शुद्धीवर आलेल्या सुधाकराला काम नाकारणारा समाज. या आरोपात तथ्य आहे, आणि ते आपल्या गावांतही तपासून पाहता येते. एखाद्याने दारू सोडली की चार दिवसांनी पारावरची मंडळी त्याला विचारतात, ‘‘काय, आज उपास का?’’ सगळे हसतात. सोडणाऱ्या माणसाला त्या हसण्याचा मारा दारूच्या ओढीहून जड जातो. चौथ्या अंकातील सुधाकराची धडपड वाचताना मला हे हसणे ऐकू येत होते. तरीही समाजाचा दोष सर्वांत वाटला गेला की तो कोणाचाच राहत नाही. तीन प्रेते समोर असताना एवढ्यावर थांबणे मला प्रशस्त वाटत नाही.

राहिला सुधाकर. ॲरिस्टॉटलने शोकान्त नाटकाच्या नायकाविषयी जे सांगितले ते आम्हांला गुरुविद्यालयात शिकवले होते : तो सर्वगुणसंपन्न नसतो, दुष्टही नसतो, त्याच्या हातून घडलेल्या एका मोठ्या चुकीमुळे तो कोसळतो. सुधाकराची ती चूक कोणती? पहिला प्याला, असे पटकन उत्तर येते. मला ते पटत नाही. पहिला प्याला घेण्यापूर्वीच, पूर्ण शुद्धीवर असताना, न्यायालयात त्याचा जो स्वभाव प्रकट झाला त्यात ती चूक आहे. या माणसाला कोणाकडून काही घेणे जमत नाही. बोल घेणे जमत नाही, सल्ला घेणे जमत नाही, मदत घेणे तर मुळीच जमत नाही. देणारा वर आणि घेणारा खाली, असा त्याच्या मनाचा हिशेब आहे. आणि खाली राहणे त्याला मरणाहून कठीण वाटते.

असा माणूस तळीरामाच्या हातून प्याला मात्र घेतो. हे कसे? मी याचा पुष्कळ विचार केला. रामलालची मदत घेतली तर आपण चुकलो हे मान्य करावे लागते. सासऱ्याचे पैसे घेतले तर आपण संसार चालवू शकलो नाही हे मान्य करावे लागते. तळीरामाचा प्याला घेताना काहीच मान्य करावे लागत नाही. तो उपकार म्हणून येत नाही आणि उपदेशही करीत नाही. मानी माणसाला परवडणारे हे एकच दान आहे, आणि त्याची किंमत तो पुढे बायकोमुलांकडून वसूल करतो.

याच स्वभावातून नाटकातील, माझ्या दृष्टीने, सर्वांत घातक प्रसंग निर्माण होतो. सिंधूच्या माहेरची माणसे आणि रामलाल हात पुढे करीत असताना सुधाकराच्या हट्टापायी ती शपथ घेते, की यापुढे कोणाचीही मदत स्वीकारणार नाही. प्रयोगात हा प्रसंग पातिव्रत्याचा कळस म्हणून गाजतो. आमच्या अंगणातही तो वाचला गेला तेव्हा दोनचार जणांनी डोळे टिपले. मला मात्र त्या क्षणी दाराला आतून कडी लागल्याचा आवाज ऐकू आला. तोवर घरात दारू होती, पण दार उघडे होते. भाऊ येऊ शकत होता, बाप पैसे पाठवू शकत होता, मित्र मध्ये पडू शकत होता, मुलाला सुरक्षित ठिकाणी नेता येत होते. शपथेनंतर हे सारे बाहेर आणि सिंधू, मूल व नशेतला सुधाकर आत. सिंधू दळण दळून पोट भरू लागते. जात्याची घरघर ऐकून प्रेक्षक कळवळतात. पण ते जाते फिरते आहे ते शपथेमुळे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. पाचव्या अंकातील मृत्यू तिसऱ्यानेच येऊन टाळले असते. त्या तिसऱ्याला शपथेने अगोदरच हाकलून दिले होते.

शपथेने माणसे मरतात ही गोष्ट आपल्याला नवी नाही. भीष्माच्या प्रतिज्ञेने एका कुळाचे काय झाले हे महाभारत सांगते. पवित्र शास्त्रात इफ्ताहाने नवस बोलला आणि त्यापायी पोटची मुलगी गमावली. हेरोदाने भरल्या पंगतीत शपथ घेतली आणि योहान बाप्तिस्ताचे शिर तबकात आले. पाहुण्यांसमोर शब्द मागे कसा घ्यावा, या लाजेने हेरोदाला बांधले होते. संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा शांतपणे विचार केला आहे. ज्या शपथेने पाप घडते अथवा मोठ्या हिताची वाट अडते, ती शपथ पाळण्याचे बंधन राहत नाही, अशी त्यांची शिकवण आहे. आणि इफ्ताहाच्या बाबतीत त्यांनी नवस बोलण्यापेक्षा तो फेडण्यातला दोष मोठा मानला आहे. म्हणजे शब्द मोडणे हेच काही प्रसंगी धर्माचे कृत्य असते. सिंधूला हे सांगणारे कोणी नव्हते. ज्यांनी सांगावयास हवे होते त्या सर्वांनी तिच्या निश्चयापुढे मान तुकवली.

येथे रामलालचा विचार करावा लागतो. तो सज्जन आहे, विचारी आहे, आणि त्याच्या चित्रणात गडकऱ्यांनी एक विलक्षण गोष्ट साधली आहे. सुधाकराची बालविधवा बहीण शरद हिच्याविषयी रामलालच्या मनात अभिलाषा उत्पन्न होते. ज्या मुलीला आपण पाल्य मानले तिच्याविषयी आपल्या मनात हे काय चालले आहे, असा तो स्वतःला प्रश्न करतो, स्वतःचा दोष ओळखतो आणि अखेर बाजूला होऊन शरद व भगीरथ यांचा मार्ग मोकळा करतो. या उपकथानकाचा दारूशी संबंध काय, असे आमच्या एका मुलीने विचारले. मला वाटते, फार जवळचा आहे. मोहाचा प्याला रामलालच्याही ओठाशी येतो. तो ‘मी चुकलो’ असे म्हणू शकतो म्हणून वाचतो. सुधाकराला हे शब्द शेवटपर्यंत वेळेवर उच्चारता येत नाहीत. परंतु जो रामलाल स्वतःशी इतका कठोर होऊ शकला, तो सिंधूच्या शपथेपुढे हतबल का झाला? दार ठोठावून कोणी उघडले नाही तर ते मोडावे लागते. आत मूल असेल तर निश्चितच. सज्जनांचा हा संकोच नाटकात आहे आणि आपल्या घरोघरी आहे. ‘त्यांच्या घरचा प्रश्न’ असे आपण त्याला नाव दिले आहे.

आता त्या बाईंचा प्रश्न.

मरणाच्या दारात असलेली सिंधू आपणच पडलो असे सांगते. ‘ऑथेल्लो’तही नेमका असाच क्षण आहे. नवऱ्याने जिचा गळा दाबला ती डेस्डिमोना, हे कोणी केले असे विचारल्यावर, दोष स्वतःवर घेते आणि प्राण सोडते. इथवर दोन्ही नाटके हातात हात घालून चालतात. पुढे मात्र वाटा फुटतात. शेक्सपिअरने त्या खोलीत एमिलियाला उभे केले आहे. ती इयागोची बायको. नवरा गप्प बस म्हणून दरडावतो, तरी ती गप्प बसत नाही. मालकिणीचे खोटे तिथेच खोडून काढते, साऱ्या जगाला ऐकू जाईल अशा आवाजात सत्य सांगते आणि त्याची किंमत म्हणून नवऱ्याच्या हातून मरते. डेस्डिमोनाची क्षमा आणि एमिलियाचे सत्य ही दोन्ही मिळून त्या शोकान्ताला पूर्णत्व येते. एकीमुळे आपले हृदय हेलावते, दुसरीमुळे आपली मान ताठ राहते.

गडकऱ्यांच्या नाटकातही एमिलिया आहे. ती म्हणजे तळीरामाची बायको गीता. ती फटकळ आहे, नवऱ्याला तोंडावर बोलते, दारूड्याची बायको काय भोगते ते स्पष्ट सांगते. तिच्या बोलण्याने आपण हसतो, आणि तेथेच घोटाळा होतो. खरे बोलणाऱ्या स्त्रीला हशा मिळाला आणि खरे लपवणाऱ्या स्त्रीला टाळ्या व अश्रू मिळाले. शेवटच्या अंकात सिंधूच्या शब्दावर कोणाचा शब्द चालत नाही. तिचे खोटे पवित्र मानले जाते. बालगंधर्वांसारख्या नटाने ती भूमिका अमर केल्यावर तर महाराष्ट्रातील दोनतीन पिढ्यांच्या स्त्रियांपुढे तो आदर्श म्हणून उभा राहिला.

माझा गैरसमज होऊ नये. सिंधूला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावयाचे नाही. जिच्यावर घाव पडला तिलाच त्या घावाचा जाब विचारणे हा दुसरा घाव आहे. तिची क्षमा ही थोर गोष्ट आहे. क्रुसावरून आलेल्या क्षमेवर श्रद्धा ठेवणाऱ्या आपण ती हलकी लेखू शकत नाही. परंतु प्रभूने क्षमा केली तेव्हा खिळे कोणी ठोकले हे लपवले नाही. क्षमेला सत्याची भीती नसते. घडलेले नाकारून जी केली जाते ती क्षमा न राहता केवळ झाकण होते, आणि त्या झाकणाखाली पुढचा घाव तयार होत असतो.

हे मी पुस्तकातून शिकलो असे वाचकांना वाटू नये. पुष्कळ वर्षांपूर्वी, मी तरुण धर्मगुरू असताना, दुसऱ्या एका धर्मग्रामात एक भगिनी माझ्याकडे आली. पापनिवेदनासाठी नव्हे, दिवसाढवळ्या, अंगणात उभी राहून तिने आपले दुःख सांगितले. नवरा प्यायचा आणि मारायचा. त्याच्या आधीच्या रविवारीच मी प्रवचनात सिंधूचा दाखला दिला होता. सहनशीलतेने पतीचे हृदय जिंकता येते, असे मी सांगितले होते. तेच मी तिला पुन्हा सांगितले. माहेरी जाऊ का, असे तिने विचारले, त्यावर विवाहाच्या वचनाची आठवण दिली. काही महिन्यांनी ती मिस्साला आली तेव्हा डोक्याला पट्टी होती. ‘‘काय झालं?’’ मी विचारले. ‘‘पडले, फादर.’’ मी मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे वळलो. ती वाचली, तिच्या शेजारणीने एका रात्री दार मोडले म्हणून वाचली. माझ्यामुळे नव्हे. त्या शेजारणीने ना शेक्सपिअर वाचला होता ना गडकरी, पण एमिलियाचे काम तिने केले होते आणि माझ्याकडून ते झाले नव्हते.

तेव्हापासून ‘एकच प्याला’ मी वेगळ्या कानांनी ऐकतो. सिंधूचे ते शेवटचे वाक्य येते तेव्हा माझे लक्ष तिच्याकडे नसते. ते ऐकून घेणाऱ्यांकडे असते.

आज काळ पुष्कळ बदलला आहे. दारूचे व्यसन हा आजार आहे हे वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. १९३५ साली अमेरिकेत ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ सुरू झाली. तिची पहिली पायरीच ही, की हे मला एकट्याला जमत नाही असे माणसाने चारचौघांत कबूल करावे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांच्या प्रयत्नांतून ‘मुक्तांगण’ उभे राहिले व असंख्य सुधाकर तेथून घरी परतले. घरातील हिंसेपासून स्त्रीचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला. गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी स्त्रिया मतदानाने बाटली आडवी करू शकतात. सुधाकराला यांतले काहीच उपलब्ध नव्हते, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. व्यसन हा आजार असेल तर त्याला दोष कसा द्यावा, असेही कोणी विचारील. मी एवढेच म्हणेन : आजार हा थरथरणाऱ्या हाताचा खुलासा करतो, लावलेल्या कडीचा करीत नाही. ती कडी प्याल्यापूर्वीच त्याच्या मनात तयार होती. आणि आजही, इतक्या सोयी असताना, केंद्राच्या पायरीपर्यंत येऊन माणूस परत फिरतो तो दारूच्या ओढीने कमी आणि ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने अधिक.

सुधाकराचा शेवटही याच दृष्टीने पाहावा. मूल गेले, सिंधू गेली. पश्चात्तापाने तो पोळून निघतो आणि विष घेतो. प्रेक्षकांना तो न्याय वाटतो. मला पेत्र आणि यहूदा आठवतात. दोघांनीही गुरूला दगा दिला, दोघेही दुःखाने व्याकूळ झाले. एक रडला आणि क्षमा घेण्यासाठी जिवंत राहिला; दुसऱ्याला क्षमा घेणे जमले नाही. अशा मृत्यूंकडे आज आपण कठोरपणे पाहत नाही, आणि पाहू नये. माणसाच्या अखेरच्या क्षणाचा निवाडा परमेश्वराकडे. पण नाटकातील पात्राविषयी बोलावयाचे तर, कोणाचेच काही न घेणाऱ्या सुधाकराने शेवटी क्षमाही घेतली नाही. जिने ती देऊ केली तिच्यामागोमाग तो गेला, आणि गेला तोही प्याल्याच्याच हाताने.

म्हणून माझा निवाडा असा. मृत्यूंचा कर्ता सुधाकर. आणि त्याच्या हातातील खरे शस्त्र प्याला नव्हे, ती शपथ. तळीराम हा साथीदार. समाज आणि रामलाल यांच्या माथी न केलेल्या कृत्यांचा दोष. सिंधू निर्दोष, मात्र तिच्या मौनाला आदर्श ठरवून पिढ्यान्‌पिढ्या टाळ्या वाजवणारे आपण निर्दोष नाही. गडकऱ्यांना हे सर्व दिसत होते की नाही, हा वाद मी करीत नाही. त्यांनी भगीरथ दिला, गीता दिली, माहेरचे उघडे दार दिले. पुरावा सगळा नाटकात आहे. आपण तो अश्रूंच्या पडद्याआडून नीट वाचला नाही.

भिंतीला टेकून बसलेल्या त्या बाईंना मी पुढच्या रविवारी मिस्सानंतर थांबवले आणि म्हणालो, ‘‘बाई, तुम्ही विचारलं होतं ना, कुणालाच ठाऊक नव्हतं का? सगळ्यांना ठाऊक होतं.’’ त्यांनी माझ्याकडे पाहिले व म्हणाल्या, ‘‘मला वाटलंच, फादर.’’

वाचकांना एक विनंती. पुढच्या सुट्टीत हे नाटक घरात मोठ्याने वाचा. गीतेचे बोलणे आले की केवळ हसू नका, आणि शपथेचा प्रसंग आला की लगेच डोळे टिपू नका. पुस्तक मिटल्यावर आपल्या गल्लीतील एखादे दार आठवते का ते पाहा. आठवले, तर उठून ते ठोठवा.